तोतयांचे नवे बंड

पानिपतच्या रणांगणावर सदाशिवरावभाऊ पेशवे नाहीसे झाले ते १७६१ साली. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १७७६ मध्ये, 'मीच भाऊसाहेब' असे सांगणारा एक इसम रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, त्याने माणसे जमविली, कोकणातील किल्ल्यांमागून किल्ले घेतले आणि पुण्याच्या कारभाऱ्यांना काही महिने घोर लावला. त्या सालाच्या अखेरीस त्याला पुण्यात देहान्त शासन झाले. तोतयाच्या या बंडावर पुढे नरसिंह चिंतामण केळकरांनी नाटक लिहिले आणि ते प्रकरण मराठी माणसाच्या स्मरणात कायमचे राहिले. त्यात ध्यानी धरण्यासारखी गोष्ट एवढीच आहे की, या इसमापाशी स्वतःचे म्हणून काहीच नव्हते. कुळ नव्हते, दौलत नव्हती, पराक्रम नव्हता. होते ते दुसऱ्याचे नाव आणि त्या नावावर लोकांचा जडलेला विश्वास. तेवढ्या भांडवलावर त्याने राज्य हादरविले.

आजच्या तोतयाला सैन्याची गरज उरलेली नाही. फेसबुकवरून कोणाही गृहस्थाचे छायाचित्र उचलावे, त्याच्याच नावाने दुसरे खाते उघडावे, त्याच्या स्नेह्यासोबत्यांना मैत्रीची विनंती धाडावी आणि दोन दिवसांनी 'अडचणीत आहे, तातडीने पाच हजार पाठवा, संध्याकाळी परत करतो' असा निरोप सोडावा, एवढ्याने काम भागते. कधी एखाद्या जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाचे खाते निघते आणि 'माझ्या मित्राची बदली झाली आहे, त्याचे सामान स्वस्तात द्यावयाचे आहे' असे त्यावरून सांगितले जाते. कधी शेतकऱ्याच्या व्हॉट्सअॅपवर 'पीएम किसान' योजनेच्या नावाची फाइल येते. ती उघडताच फोनचा ताबा दुसऱ्याच्या हाती जातो आणि बँकेतील शिल्लक नाहीशी होते. कधी एखाद्या नामांकित दुकानाची पाटी, त्याचे बोधचिन्ह आणि त्याच्या मालाची छायाचित्रे जशीच्या तशी उचलून अर्ध्या किमतीची जाहिरात झळकते. ग्राहक आगाऊ पैसे भरतो, आणि माल आला नाही म्हणजे खऱ्या दुकानदाराच्या गल्ल्यासमोर येऊन उभा राहतो.

एरवी पहिल्या पानावर बातमीचा हक्क असतो. ती जागा आज आम्ही या विषयास देत आहोत, याचे कारण हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या नटनट्यांचा अगर मोठ्या कंपन्यांचा आहे, आपल्याला त्याचे काय, अशी एक समजूत आपल्या जिल्ह्यात पसरलेली दिसते. आमच्या मते वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. मोठ्यांच्या नावाचे रक्षण करण्यास वकील आहेत, न्यायालये आहेत आणि वृत्तपत्रेही आहेत. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांतील सामान्य माणसाच्या नावाला मात्र वाली नाही. आणि त्याच्यापाशी नावावाचून दुसरे फारसे काही नसते.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा होऊन अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२ लाखांच्या आतच होती आणि तीतील बहुसंख्य लोक खेड्यांत राहणारे. सोयाबीन आणि तूर यांवर येथील वर्षाचा हिशेब चालतो. या हिशेबात लेखी करारापेक्षा पतीला अधिक मोल आहे. पेरणीच्या वेळी कृषी सेवा केंद्राचा चालक बियाण्याची पिशवी उधारीवर देतो, तो शेतकऱ्याचे नाव पाहून. शेतकरी ती पिशवी निःशंकपणे घरी नेतो, तो दुकानाचे आणि बियाण्याचे नाव पाहून. गावातल्या बाया गुरुजींच्या शब्दावर मुलीला तालुक्याच्या शाळेत धाडतात. बचत गटाच्या पापडांना आणि मसाल्यांना गिऱ्हाईक मिळते ते 'अमक्या गटाचे' म्हणून. ही सगळी पत पिढ्यान्‌पिढ्या साठविलेली असते, आणि तोतयाच्या हाती ती सापडली तर एका रात्रीत बुडते. बियाण्याचेच उदाहरण घ्या. नामांकित वाणाच्या नावाने समाजमाध्यमावर विकलेली बनावट पिशवी उगवली नाही तर शेतकऱ्याचे नुकसान पिशवीच्या किमतीएवढे नसते. त्याचा हंगाम जातो, आणि हंगाम कोणत्याही हेल्पलाइनवरून परत मिळत नाही.

नाव ही गुणाची हमी आहे ही कल्पना पाश्चात्त्यांच्या ट्रेडमार्क कायद्याबरोबर आपल्याकडे आली, असे कोणी समजू नये. हे आपले वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी'त विदर्भाच्या काव्यरीतीला 'वच्छोमी' असे नाव आले आहे. वच्छोम म्हणजे वत्सगुल्म. या नगरीचे नाव भाषेच्या गोडव्याची खूण म्हणून देशभर चालत होते, असा त्याचा अर्थ. आमच्या प्राचीन धर्मशास्त्रकारांनाही नावाच्या चोरीचे गांभीर्य पुरते ठाऊक होते. राजाच्या नावाने खोटे आज्ञापत्र करणाऱ्यास त्यांनी 'कूटशासन करणारा' म्हटले आणि मनुस्मृतीने त्याला वधदंड सांगितला. त्या काळचे दंड आज कोणी मागणार नाही, मागूही नये. परंतु खोटी सही आणि खोटी मुद्रा चालू लागली की खऱ्या सहीलाही किंमत उरत नाही, हे त्यामागचे तत्त्व आजही तितकेच खरे आहे. पीएम किसानच्या नावाने फिरणारी फाइल हे या युगातले कूटशासनच होय. २०२५ साली 'लाडकी बहीण' योजनेच्या लाभार्थी स्त्रियांना ई-केवायसी करण्यास सांगण्यात आले, तेव्हा त्या योजनेच्या नावाची खोटी संकेतस्थळे निघाली आणि खऱ्या संकेतस्थळाखेरीज अन्यत्र माहिती भरू नका, असे शासनाला बजावावे लागले. देवाचे नावही सुटलेले नाही. शनिशिंगणापूरच्या देवस्थानाच्या नावाने बनावट अॅप काढून भाविकांकडून पूजेचे पैसे उकळल्याचे प्रकरण त्याच वर्षी विधानसभेत गाजले आणि त्यात गुन्हाही दाखल झाला. कारंजाचे गुरुमंदिर, पोहरादेवीचे संस्थान, शिरपूरचे जैन तीर्थ आणि वाशिमचे बालाजी मंदिर यांच्या विश्वस्तांनी या गोष्टीपासून वेळीच बोध घ्यावा, हे बरे.

आता मोठ्यांची गाऱ्हाणी कशी दूर होतात ते पाहू. २०२४ च्या जानेवारीत सचिन तेंडुलकर यांचा चेहरा आणि आवाज वापरून एका खेळाच्या अॅपची भलावण करणारी बनावट चित्रफीत पसरली. तेंडुलकरांनी १५ जानेवारीला ती खोटी असल्याचे स्वतः जाहीर केले, देशभर बातमी झाली आणि मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदविला. २०२५ च्या सप्टेंबरात आशा भोसले यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली नक्कल मुंबई उच्च न्यायालयापुढे आली. अनुमतीवाचून गायिकेचा आवाज उतरवून देणारी साधने पुरविणे हा तिच्या व्यक्तित्वाच्या हक्कांचा भंग ठरतो, असे प्रथमदर्शनी मत देऊन न्यायालयाने तशी कृत्ये थांबविणारा अंतरिम आदेश दिला. हे निर्णय स्वागतार्ह आहेत. माणसाचा आवाज ही त्याची मालमत्ता आहे, हे तत्त्व त्यांनी प्रस्थापित केले, आणि तत्त्व हे कोणा एकाच्या मालकीचे नसते. पण तेंडुलकरांनी 'ती चित्रफीत माझी नव्हे' म्हटले की कोट्यवधी लोक ऐकतात. रिसोडच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने तसे म्हटले तर ते कोण ऐकणार? आणि मानोऱ्याकडील एखाद्या तरुण मुलीचे छायाचित्र विटंबून तिच्याच नावाच्या खोट्या खात्यावर टाकले गेले, तर ती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची पायरी चढू शकेल काय? किंबहुना, घरात ही गोष्ट सांगण्याचे धैर्यच तिला कोठून यावयाचे?

येथे कोणी म्हणेल की, कायदे आहेतच. ते आहेत, हे आम्हांस मान्य आहे. माहिती-तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-सी दुसऱ्याची ओळख लबाडीने वापरणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास कलम ६६-डी अन्वये तेवढीच शिक्षा आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ मध्ये तोतयेगिरीने फसवणूक करणाऱ्यास ५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कंपन्यांसाठी केलेल्या २०२१ च्या नियमांत, कोणाचे सोंग घेतल्याची तक्रार त्या व्यक्तीने स्वतः केल्यास तो मजकूर काढण्यास प्रथम २४ तासांची मुदत घालण्यात आली आणि पुढे ती आणखी आखूड करण्यात आली. कागदावर पाहता याहून अधिक काय हवे?

परंतु कायदा पुस्तकातून निघून ठाण्यापर्यंत पोहोचेतो त्याचा श्वास फुलतो. माहिती-तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७८ असे सांगते की, या कायद्याखालील गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकाहून खालच्या अधिकाऱ्याने करावयाचा नाही. हेतू चांगला आहे. तांत्रिक गुन्ह्याचा तपास जाणत्या हाती असावा. पण महाराष्ट्रातील ग्रामीण भागात कित्येक ठाण्यांचा कारभारच सहायक पोलीस निरीक्षकाकडे असतो. मग तक्रारदाराला जिल्ह्याच्या ठिकाणी जा, असे सांगितले जाते. एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे खर्चून तो वाशिमला येतो, तेव्हा त्याला खात्याचा दुवा आणि पडद्याचे छायाचित्र मागितले जाते. आणि तोवर तोतयाने ते खाते मिटवून दुसरे उघडलेले असते. नुकसानभरपाई हवी असेल तर त्याच कायद्याखाली ५ कोटी रुपयांपर्यंतचे दावे ऐकण्याचा अधिकार राज्याच्या माहिती-तंत्रज्ञान सचिवाकडे आहे. ज्याचे पाच हजार गेले त्याने त्यासाठी मंत्रालय गाठावे, ही अपेक्षा न्यायाची थट्टा आहे. वरातीमागून घोडे नाचविण्याने वरातीची शोभा वाढत नाही.

तथापि पोलिसांनाच दोष देत बसणे म्हणजे साप सोडून भुई धोपटणे होईल. दोषाचा मोठा वाटा ज्यांच्या रंगमंचावर हे सोंग उभे राहते, त्या कंपन्यांचा आहे. खात्यापुढची निळी खूण ही एके काळी कंपनीने केलेल्या पडताळणीची साक्ष होती. २०२२ च्या ऑक्टोबरात ट्विटरची मालकी बदलली आणि पुढल्याच महिन्यात ती खूण ८ डॉलरला विकावयास निघाली. त्यावर कोणा खोडसाळाने एली लिली या अमेरिकी औषध कंपनीच्या नावाचे खाते काढले, खूण विकत घेतली आणि 'इन्सुलिन आता फुकट' असे जाहीर करून टाकले. कंपनीला खुलासा करून क्षमा मागावी लागली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या समभागाचा भाव ४ टक्क्यांहून अधिक घसरला. २०२३ साली फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांची मालक मेटा कंपनी हीदेखील भारतात मासिक शुल्क घेऊन खूण देऊ लागली. म्हणजे माणसाने 'मी तो मीच' हे सिद्ध करण्यासाठी दरमहा भाडे भरावयाचे, आणि तोतयाने मात्र फुकट मिरवावयाचे! पहाऱ्याचे पैसे दिले नाहीत म्हणून घर फोडले गेले, असे सांगणाऱ्या पहारेकऱ्यास गाव काय म्हणेल?

याहून गंभीर गोष्ट जाहिरातींची आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात रॉयटर्स वृत्तसंस्थेने मेटाच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे एक वृत्त प्रसिद्ध केले. २०२४ च्या उत्पन्नापैकी सुमारे १० टक्के, म्हणजे १६ अब्ज डॉलर, फसव्या आणि निषिद्ध मालाच्या जाहिरातींतून येईल असा कंपनीचाच अंदाज होता, असे त्यात म्हटले होते. हा अंदाज ढोबळ आणि फाजील व्यापक होता, असा खुलासा कंपनीने केला. आकडा कमी असेल, असे घटकाभर धरून चालू. तरी प्रश्न उरतोच: जाहिरातीचे पैसे मोजून घेताना जाहिरातदार कोण आहे, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची? आमच्या या पत्राच्या अंकावर संपादकाचे, मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव छापलेले असते. १८६७ च्या कायद्यापासून या देशात चालत आलेला हा दंडक आहे. उद्या कोणी कारंजाच्या एखाद्या व्यापाऱ्याच्या नावाने खोटी जाहिरात आमच्याकडे आणली आणि आम्ही पैसे घेऊन ती छापली, तर तो व्यापारी दुसऱ्या दिवशी आमच्या कचेरीत येईल, आणि यावेच. 'जाहिरात दुसऱ्याने दिली, आमचा संबंध नाही' असे म्हणण्याची सोय आम्हांस नाही. त्या कंपन्यांना मात्र माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ ने 'मध्यस्थ' म्हणून काही अटींवर सूट दिलेली आहे. टपाल पोहोचविणाऱ्याला पत्रातील मजकुराबद्दल जबाबदार धरू नये, हे ठीक आहे. पण जो पत्र वाचतो, त्यातून लाभ काढतो, पैसे घेऊन ते हजारांच्या दारी नेतो आणि कोणाला दाखवावे हेही स्वतः ठरवितो, त्याला टपालवाला कसे म्हणावे?

येथे एका गंभीर आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. खात्यांवर कडक निर्बंध घातले, प्रत्येकाने आधार दाखवूनच बोलावे असा नियम केला, तर सरकारवर आणि धनवंतांवर टीका करणाऱ्यांची तोंडे बंद होतील, असे काही विचारी लोक म्हणतात. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघर येथे दोन तरुणींना फेसबुकवरील एका साध्या मजकुरासाठी अटक झाली होती, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. ज्या कलम ६६-अ खाली असे प्रकार घडत, ते कलम २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविले, ते योग्यच झाले. शिवाय नाव झाकून लिहिणे हा मराठी साहित्याचा जुना परिपाठ आहे. कुसुमाग्रज, गोविंदाग्रज, बालकवी ही नावे काही जन्मनावे नव्हेत. अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने 'झेंडूची फुले' लिहिली आणि समकालीन कवींच्या लकबींची यथेच्छ थट्टा केली. त्यामुळे कोणाच्या घरावर दरोडा पडला नाही.

तेव्हा टोपणनाव आणि चोरलेले नाव यांतील भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. टोपणनाव घेणारा स्वतःला झाकतो. चोरलेले नाव वापरणारा दुसऱ्याला उघडे पाडतो. विडंबनकार ही नक्कल आहे हे लपवीत नाही. तोतयाचा सारा धंदा ते लपविण्यावर चालतो. कायद्याने हात घालावयाचा तो या दुसऱ्या जातीला. सत्ताधाऱ्याने आपल्यावरील व्यंगचित्रास 'माझ्या व्यक्तित्वाच्या हक्कांचा भंग' म्हणावे आणि मोठ्या कंपनीने आपल्या मालाच्या दोषांवर बोट ठेवणाऱ्या ग्राहकास 'बोधचिन्हाचा गैरवापर' म्हणून धमकवावे, हे आम्ही कदापि मान्य करणार नाही. नावाचे रक्षण म्हणजे नावावरील टीकेपासून रक्षण नव्हे. आणि हेच माध्यम दुर्बळाच्या नावाला बळही देते, हेही नमूद केले पाहिजे. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरी वळणाच्या चपला मांडल्या आणि कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. तेव्हा समाजमाध्यमांवर उठलेल्या गदारोळामुळे कंपनीला महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून त्या कारागिरीचे ऋण मान्य करावे लागले. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी आधीच मिळालेली होती, आणि एक संघटना पत्रव्यवहारास उभी होती, म्हणून त्या ओरडीला वजन आले. एकट्यादुकट्या चर्मकाराला कोणी उत्तर धाडले नसते.

यातून आमच्या व्यापाऱ्यांनी आणि उद्योजकांनी काही शिकावे. पुण्यातील 'बर्गर किंग' या उपाहारगृहावर त्याच नावाच्या अमेरिकी कंपनीने २०११ साली दावा लावला. आम्ही हे नाव १९९२ च्या सुमारापासून वापरीत आहोत, हे उपाहारगृहाच्या चालकांना दाखविता आले आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. पुढे ते प्रकरण उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयातही गेले. जुनी बिले, परवाने, जाहिरातींची कात्रणे जपून ठेवणारा छोटा माणूस बलाढ्यापुढे उभा राहू शकतो, एवढे त्यातून निश्चित दिसले. मात्र त्या दाव्याला पहिल्या निकालासाठी तेरा वर्षे लागली, आणि समाजमाध्यमावरील तोतया तेरा तासांत आपले काम उरकतो. म्हणून आधीची तयारी हाच खरा बचाव. बोधचिन्हाच्या नोंदणीसाठी व्यक्तीला अथवा लघुउद्योगाला २०१७ च्या नियमांनुसार ऑनलाइन अर्ज केल्यास मालाच्या प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे. नोंदणी १० वर्षे टिकते आणि पुनःपुन्हा वाढविता येते. दुकानाच्या उद्‌घाटनाच्या मांडवावर याहून अधिक खर्च होतो. आणि नाव नोंदविले की त्याच नावाची खाती प्रमुख माध्यमांवर स्वतः उघडून ठेवावीत, वापरावयाची असोत वा नसोत. कारण तेथे पहिला येईल त्याला नाव मिळते, मालकीचा दाखला कोणी मागत नाही.

आता आमच्या मागण्या स्पष्टपणे मांडतो. पहिली जिल्हा प्रशासनाकडे. जिल्ह्यातील प्रत्येक शासकीय कार्यालयाची, अधिकाऱ्याची आणि मोठ्या देवस्थानाची खरी खाती कोणती, याची यादी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आणि प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. यादीत नसलेले खाते खोटे समजावे, असे दवंडी पिटून सांगावे. यास फारसा खर्च नाही. दुसरी पोलीस खात्याकडे. ओळखचोरीची तक्रार कोणत्याही ठाण्यात तत्काळ नोंदवून घेऊन तिची पोच द्यावी. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला हा वाद तक्रारदाराच्या माथी मारू नये, कारण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने हद्दीची अडचण आता दूर केली आहे. निरीक्षक नसलेल्या ठाण्यांसाठी एका निरीक्षकास नेमून द्यावे आणि त्यानेच ठाण्यांत जावे; तक्रारदाराने त्याच्यामागे फिरू नये. स्त्रियांच्या तक्रारी स्त्री कर्मचाऱ्यांनी, एकांतात आणि त्यांच्या चालचलणुकीची चौकशी न करता ऐकाव्यात.

तिसरी मागणी केंद्र सरकारकडे, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. या कंपन्यांना मराठीत केलेल्या तक्रारीचे उत्तर मराठीत, आणि यंत्राने नव्हे तर माणसाने देणे बंधनकारक करावे. नोंदणीकृत बोधचिन्ह अथवा उद्योग-नोंदणी दाखविणाऱ्या छोट्या व्यावसायिकास पडताळणीची खूण विनामूल्य मिळावी. पैसे घेऊन छापलेल्या प्रत्येक जाहिरातीमागील जाहिरातदाराची ओळख कंपनीने आधी तपासावी, आणि तक्रार पोहोचल्यानंतरही खोटी जाहिरात चालू ठेवल्यास फसलेल्याचे नुकसान कंपनीने भरून द्यावे. ज्या दिवशी तोतयाच्या जाहिरातीतून मिळालेल्या रुपयापेक्षा त्यापायी भरावी लागलेली भरपाई मोठी होईल, त्या दिवशी या कंपन्यांच्या यंत्रांना तोतये आपोआप ओळखू येऊ लागतील, याविषयी आम्हांस शंका नाही.

चौथी मागणी आपल्याच लोकांकडे आहे. जिल्हा उद्योग केंद्राने आणि तालुक्यांच्या व्यापारी संघटनांनी मिळून बचत गटांच्या आणि छोट्या उत्पादकांच्या नावांची नोंदणी करून देण्याचे काम हाती घ्यावे. एकेकट्या बाईला वर्ग आणि अर्ज समजावे, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. आणि प्रत्येक नागरिकाने काही पथ्ये पाळावीत. पैशाचा निरोप आला की त्या माणसाला फोन करून त्याचा आवाज ऐकावा, आणि आवाजाचीही नक्कल होऊ लागली असल्याने फक्त त्याला ठाऊक असलेली एखादी घरची गोष्ट विचारावी. आपल्या मित्रांची यादी परक्यांना दिसू देऊ नये. अनोळखी फाइल उघडू नये. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण पहिल्या काही तासांत रक्कम अडविता येण्याचा संभव असतो. आपल्या नावाचे खोटे खाते दिसले तर लाजून गप्प बसू नये; चारचौघांत सांगावे, ठाण्यात नोंदवावे आणि आम्हांसही कळवावे. चोरी झाली यात लाज चोराची आहे.

आमच्या खेड्यांत आजही वडीलधारी माणसे मुलाला सांगतात की, जमीन गेली तर पुन्हा घेता येईल, नाव गेले तर येणार नाही. त्या नावाच्या राखणीचा भार आजवर ज्याचे नाव चोरीला गेले त्याच्यावरच टाकण्यात आला आहे. तो भार ठाण्याने, शासनाने आणि मुख्यतः या नावांवर धंदा करणाऱ्या कंपन्यांनी उचलला पाहिजे. खाती आणि देवस्थानांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यास मुंबई-दिल्लीच्या आज्ञेची वाट पाहण्याचे कारण नाही. ते काम जिल्हाधिकाऱ्यांनी याच महिन्यात करावे. ते झाले की नाही, हे आम्ही पुढील महिन्यात गावोगावच्या फलकांवर जाऊन पाहू आणि जे दिसेल ते याच पानावर छापू.